नखांची झडती

भाताची झोडणी उरकून खळी मोकळी झाली, म्हणजे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील माळांवर चुन्याच्या रेषा उमटू लागतात. आणि कबड्डीचा सामना आरंभण्यापूर्वी तेथे एक लहानसा विधी पार पडतो, ज्याकडे प्रेक्षकांपैकी फारसे कोणी लक्ष देत नाही. दोन्ही संघांतील गडी ओळीने उभे राहून हात पुढे करतात, आणि पंच एकेकाच्या बोटांवरून दृष्टी फिरवीत नखे वाढलेली नाहीत, बोटात अंगठी वा मनगटात कडे नाही आणि अंगाला तेल चोपडलेले नाही, याची शहानिशा करून घेतात. जो या झडतीला उतरत नाही, त्याला नखे काढून आणि अंगठी सोबत्याच्या स्वाधीन करून मगच रेषेच्या आत येण्याची मुभा मिळते.

अशा झडतीचे मूळ शोधू लागले, म्हणजे विलायती फुटबॉलचा एक जुना दस्तऐवज हाती येतो. १८६३ साली लंडनमध्ये त्या खेळाचे जे तेरा नियम मुक्रर झाले, त्यांतील अखेरच्या कलमाने बुटाच्या तळव्याला वा टाचेला बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या किंवा गटापर्चा, म्हणजे रबरासारखा कठीण चीक, लावण्यास मज्जाव केला. बूट ज्याच्या पायात, त्याला त्या खिळ्याची इजा नव्हती. नडगी फुटे ती समोरच्याची.

हा खेळ पलटणींबरोबर हिंदुस्थानात आला, आणि १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाच्या सामन्यांना प्रारंभ झाला. परंतु एतद्देशीय खेळाडू बहुधा अनवाणीच खेळत, आणि ज्याच्या पायात बूटच नाही, त्याचे खिळे तपासायचे कोणी? २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा पाडाव केला, तेव्हा अकरांपैकी दहा गडी अनवाणी होते. पुढे १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केल्यावर भारतीय खेळाडूंना बूट सक्तीचे झाले, आणि १९९० साली नडगीरक्षकही अनिवार्य ठरले. बुटात काय नसावे एवढेच पाहणारी पंचाची नजर आता पायात काय असावे हेही पाहू लागली. पूर्वी प्रतिपक्षाच्या नडगीची काळजी वाहणारा कायदा आता बूट घालणाऱ्याच्या नडगीचाही पालक झाला.

असे विलायती खेळ शहापूर-मुरबाडच्या बाजूला आणू शकणारा लोहमार्ग १८६१ साली शहापूर तालुक्यातून कसाऱ्यापर्यंत गेला, मुरबाडला मात्र तो अद्याप पोहोचलेला नाही. तथापि शहापूर तालुक्यातल्या आसनगावच्या स्थानकावर जे काही उतरले असेल ते असो, या भागाने जीव लावला तो बूट, चेंडू आणि गोलखांब यांपैकी कशाचीही गरज नसलेल्या हुतूतूला, म्हणजेच कबड्डीला. त्या खेळाला नियमबद्ध रूप देण्याच्या कामी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली पुढाकार घेतला, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी त्याचे प्रात्यक्षिक घडविले, आणि १९९० साली, म्हणजे नडगीरक्षकांच्या सक्तीच्याच वर्षी, बीजिंगच्या आशियाई क्रीडासामन्यांत कबड्डीला स्थान मिळाले.

जेथे उपकरणच नाही, तेथे तपासणीला शरीरच उरते. या खेळाचा प्राण पकडीत आहे; तेलाने पकड निसटते आणि नखाने ती ओरखडते, म्हणून दोहोंनाही मनाई. कुस्तीच्या हौद्यात प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला माती लावण्याची जी चाल आहे, तिचाही रोख हाच.

मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेत गुरांचा मोठा बाजार असतो. अशा बाजारात बैलाचे दात पाहिल्यावाचून जाणता शेतकरी सौदा करीत नाही. खेळाडूची झडती वरकरणी तशीच दिसते, पण तिचा न्याय उलटा आहे. बैल पारखला जातो तो विकत घेणाऱ्याच्या लाभासाठी. गड्याची बोटे पाहिली जातात ती मात्र ज्याला तो थोड्याच वेळात जमिनीवर लोळविणार आहे, त्याच्या कातडीच्या रक्षणासाठी. म्हणूनच या खेळातील मुख्य निर्णायकाला आपल्या भाषेने गावकीतला 'सरपंच' हाच शब्द दिला, यात मोठे औचित्य आहे : वादी-प्रतिवादी एकमेकांना भिडण्याआधीच, फिर्याद होण्याची वाट न पाहता, दोघांच्याही वतीने हात पाहून घेणारा.