झड, दांडी आणि ओले लुगडे

मराठीत वस्त्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पैठणीवर लेख आहेत, खादीवर ग्रंथ आहेत, गिरण्यांवर कादंबऱ्या आहेत. मात्र धुतलेले वस्त्र वाळते कोठे, कसे आणि कोणाच्या श्रमाने, हा प्रश्न आमच्या वाचनात क्वचितच आला. आम्हालाही तो सुचला नसता. गेल्या ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली होती आणि द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी तोंडी परीक्षेला आली नाही. पाचव्या दिवशी कारण विचारले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, ड्रेस दोनच आहेत. दोन्ही ओले होते." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्यापैकी एकाचे बालपण धुळ्याला पांझरेच्या काठी गेले, दुसरीचे जळगावच्या जुन्या गावठाणात. त्या एका वाक्याने दोन्ही घरांतल्या ओल्या कपड्यांचा वास एकदम परत आला.

खानदेश हा काही पावसाचा मुलूख नव्हे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे सहाशे-सातशे झाला तरी शेतकरी समाधानाने बोलतो. म्हणजे कपडे वाळवण्याची अडचण कोकणात असावी, इथे नव्हे, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. कोकणातले घर पावसासाठीच बांधलेले असते. उतरते छप्पर, खाली आलेल्या वळचणी, ऐसपैस पडवी आणि पडवीत कायमचा बांधलेला दोर. चार महिने कपडे ओलेच राहणार, हे तिथे गृहीत असते. खानदेशातले जुने घर उन्हाळ्यासाठी बांधलेले. पुरुष-पुरुषभर जाडीच्या मातीच्या भिंती, लहान खिडक्या, वर पांढऱ्या मातीचे सपाट धाबे. वैशाखात अशा घरात शिरावे आणि देवाचे आभार मानावेत. वाळवणाची जागा धाब्यावर: पापड, कुरडया, शेवया, मिरच्या आणि धुणेही. वर्षातले अकरा महिने या व्यवस्थेत उणे काढायला जागा नाही. बाराव्या महिन्यात झड लागते, धाबे भिजते, कधी ठिबकते, आणि वाळवणाची सारी सृष्टी आत कोंडली जाते. जाड भिंती आता ओल धरून ठेवतात आणि वारा कोठूनच येत नाही.

मग उपयोगाला येते ती दांडी. छताच्या कड्यांना दोन दोऱ्यांनी टांगलेला हा आडवा बांबू. कोणी त्याला वलणी म्हणतात, कोणी नुसताच दोर बांधतात. ही दांडी उंच असते आणि वस्त्र तिच्यावर टाकायला वेगळी काठी लागते. ऊब वर जाते म्हणून ती उंच, असे आज कोणी म्हणेल आणि ते चुकीचेही नाही. पण ब्राह्मण व तत्सम घरांत उंचीचे कारण दुसरे होते. सोवळ्याचे वस्त्र धुतल्यावर कोणाचा स्पर्श होता कामा नये. खाली मुले वावरणार, म्हणून वस्त्र वर आणि मध्ये काठी. पावसात ते वाळले नाही तर? शास्त्राने वाट ठेवली होती: ओले वस्त्र सोवळेच. 'ओलेत्याने' स्वयंपाक करणे हा शब्दप्रयोग आपण आता सहज वाचून पुढे जातो. घटकाभर थांबून विचार केला तर त्यात आषाढातल्या पहाटे ओले लुगडे अंगावर गुंडाळून धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात बसलेली एक बाई दिसते. अनेक घरांत ती आलवण नेसलेली विधवा असे. तिच्या खोकल्याची नोंद कोणत्याही कुळवृत्तान्तात नाही.

दुसरी वाट रेशीम आणि लोकर यांची होती. मुकटा, पीतांबर, धाबळी ही वस्त्रे रोज धुवावी लागत नाहीत आणि तरी सोवळ्याला चालतात. या सवलतीमागे पावसाळ्याची सोय असावी, असा आमचा तर्क आहे. तो खरा असेल तर असेही दिसते की शुद्धीच्या नियमातही ऐपतीच्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर रेशीम, मधल्या पायरीवर अंगाला टोचणारी धाबळी, आणि जिच्याकडे दोन्ही नाही तिच्यासाठी ओलेते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे चित्र काढले आहे. ते वाचताना हसू येते, पण ते सारे धुणे कोणाच्या हातून होत होते हे आठवले की हसू मावळते.

सोवळ्याचा प्रश्न मूठभर घरांचा. बाळाच्या दुपट्यांचा मात्र सगळ्यांचा. त्यावरचा तोडगाही जातीपातीत फारसा बदलत नसे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असायचीच. त्याच निखाऱ्यांवर वेताची टोपली उपडी घालायची, वर लंगोट आणि झबली पसरायची, निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकायचा. एका शेगडीत शेक, धुरी आणि वाळवण अशी तीन कामे होत. याहून काटकसरीची व्यवस्था आम्हाला ठाऊक नाही. मात्र दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुन्या घरांत कौलांतून, फटींतून वारा येई. स्लॅबच्या खोलीत तो येत नाही. आजीची युक्ती जशीच्या तशी उचलू नये.

एक वाळवण असे होते, ज्याला दांडीवरही जागा नव्हती. बायकांच्या पाळीच्या घड्या. त्या लुगड्याखाली झाकून, मोरीच्या कोपऱ्यात, पलंगामागे, फडताळाच्या आड वाळत. उन्हाळ्यातही ऊन त्यांच्या वाट्याला येत नसे. झडीत तर त्या वाळतच नसत आणि तशाच पुन्हा वापराव्या लागत. यातून होणाऱ्या दुखण्यांविषयी आमच्या आईच्या पिढीने एक अक्षर उच्चारले नाही. आमच्या वर्गातल्या सगळ्याच मुलींची यातून सुटका झाली आहे, असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

बलुतेदारांमध्ये परीट होता, पण गावाच्या पावसाचा सगळ्यात मोठा फटका त्यालाच बसे. नदीला पूर आला की घाट गेला आणि ऊन गेले की पसारा अडला. 1872 मध्ये पांझरेला आलेल्या पुराने धुळ्यात घरादारांची मोठी हानी झाली. तेव्हा काठावर धुणी धुणाऱ्यांचे काय झाले असेल, याचा अंदाजच करायचा. परीट मळके कपडे भट्टीत उकळी आणि कोळशाच्या इस्त्रीने उरलेली ओल काढी. उकळण्यातले शहाणपण आता प्रयोगशाळेत कळले आहे. ओल्या कपड्यांना येणारा कुबट वास मुख्यतः मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूमुळे येतो, असे जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले. हा जिवाणू कपडा वाळला तरी तग धरून राहतो आणि पुन्हा भिजला की वासही परततो.

यानंतर जे घडले त्यात खानदेशपुरती एक विसंगती आहे. हा कापसाचा मुलूख. जळगावला एकोणिसाव्या शतकातच कापडगिरणी उभी राहिली. अमळनेरला प्रतापशेठजींची गिरणी 1906 मध्ये आली. त्याच अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांचे कपडे ते स्वतः धूत, अशा आठवणी सर्वश्रुत आहेत. पण साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन आणि टेरिलिन आले आणि कपाशीच्या शेतात राबणाऱ्या बाईनेही ते आनंदाने घेतले. साध्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरून ठेवते, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. रात्री धुतलेले नायलॉनचे पातळ सकाळी नेसता येते. अभिरुचीच्या घसरणीवर व्याख्याने देणाऱ्यांनी (त्यांत आम्हीही आलो) ही सकाळ विचारात घेतलेली नाही.

आता थोडा हिशेब. धुतलेल्या कपड्यांत तीन लिटर पाणी उरले आहे, खोली दहा फुटी आहे, तापमान 27 अंश आणि हवेची आर्द्रता 80 टक्के आहे, असे धरू. त्या खोलीतली सगळी हवा मिळून जेमतेम दीडशे ग्रॅम पाणी आणखी सामावून घेऊ शकते. म्हणजे खोली बंद ठेवली तर रात्रभर काहीही करा, कपडे वाळणार नाहीत; खोलीतली हवा किमान वीस वेळा बदलावी लागेल. बाहेर पाऊस आहे म्हणून खिडकी लावून घेणे हीच मुळात चूक. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या, कपड्यांमध्ये वीतभर अंतर, जाड कपडे कडेला, आणि वर पंखा. पंचाहत्तर वॅटचा पंखा आठ तास फिरला तर 0.6 युनिट वीज जाते. नव्या बीएलडीसी पंख्याला याच्या निम्मीही लागत नाही. उलट एक लिटर पाणी उष्णतेने उडवायचे तर पाऊण युनिटच्या आसपास ऊर्जा हवी. म्हणून चिंब कपड्यावर इस्त्री फिरवत बसणे हा सर्वांत महागडा मार्ग होय. त्याआधी कोरड्या टॉवेलात कपडा गुंडाळून पिळला तर निम्मे काम फुकटात होते.

हे सगळे त्या विद्यार्थिनीला सांगायचे म्हणून आम्ही तयारी करून गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतले. खोलीला खिडकी एकच आहे, ती म्हणाली, आणि पंखा आहे पण झड लागली की वीज जाते. मग रात्री तिची आजी ओला ड्रेस जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यावर उभी राहते आणि नंतर तो गॅसजवळच्या दोरीवर टाकते. त्या दिवशी गॅसही संपला होता.

तिची तोंडी परीक्षा आम्ही पुढच्या सोमवारी घेतली. ऊन पडले होते.