बॉनेटखालचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईचा इतिहास सांगताना आपण गोदी सांगतो, गिरण्या सांगतो, लोकल सांगतो. मोटारींची गोष्ट निघाली की मात्र बोलणे मलबार हिलवरच्या मालकांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. पहिली गाडी कोणी घेतली, कोणत्या संस्थानिकाकडे किती गाड्या होत्या, हे आपल्याला हौसेने सांगितले जाते. त्या गाड्या पुढची तीस-चाळीस वर्षे चालू कशा राहिल्या, हे सहसा कोणी सांगत नाही. आज मला त्याविषयी बोलायचे आहे. त्यासाठी आपल्याला उपनगरांत यावे लागेल. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. इथे गाड्या तयार झाल्या, इथेच मोडीत निघाल्या आणि या दोन टोकांच्या मधली त्यांची सारी दुरुस्तीही इथेच झाली.

मुंबईत गाड्यांची जोडणी स्वातंत्र्याच्या आधीपासून होत होती. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला जोडणी कारखाना काढला. सुटे भाग बोटीने येत आणि इथे गाडी उभी राही. पण भारतीय भांडवलावर, भारतीय माणसांच्या हातून गाडी व्हावी हा ध्यास वालचंद हिराचंदांचा. त्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीशी करार केला आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही त्यांची नावे. सहा सिलिंडरचे इंजिन, सोफ्यासारख्या बैठका, भरपूर क्रोमियम. त्या काळच्या हिशेबात ही ऐषारामाचीच गाडी. आणि ती जन्मली कुठे, तर आज ज्याला आपण लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतो, त्या जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या आसपास.

पुढे चित्र झपाट्याने पालटले. परकीय चलनाची चणचण होती. देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी असेल, त्यांनीच या धंद्यात राहावे, असे धोरण टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर पक्के झाले. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनी १९५४च्या सुमारास आपली जोडणी बंद केली. परदेशी गाडी आणणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, तेवढीच एक फट. देशी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे.

याचा परिणाम मालकाच्या स्वभावावर झाला. गाडी जुनी झाली म्हणून बदलता येत नव्हती. मग ती समजून घेणे भागच होते. शेवरलेचा भाग बनवणारी कंपनी देशातून गेलेली, बाहेरून मागवायला परवाना नाही, आणि गाडी तर रोज कामावर न्यायची. म्हणून साहेब लोकही रविवारी बाह्या सरसावून बॉनेटखाली डोके घालू लागले. हौस नंतर आली. आधी होती ती निकड.

त्या गाड्यांची रचनाही शिकाऊ माणसाला धार्जिणी होती. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत क्रायसलरच्या गाड्यांत सहा व्होल्टची बॅटरी असे आणि तिचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. सहा व्होल्टवर तेवढेच काम करायचे तर विजेचा प्रवाह दुप्पट लागतो. त्यामुळे बॅटरीच्या टोकांवर थोडी जरी पांढरी बुरशी धरली, तरी स्टार्टर कण्हू लागे. मुंबईच्या दमट हवेत ही बुरशी हमखास धरायची. उपाय साधा: कोमट पाणी, खाण्याचा सोडा, जुना दातांचा ब्रश आणि शेवटी व्हॅसलीनचे बोट. शंभरातल्या कितीतरी ‘बिघडलेल्या’ गाड्या एवढ्यानेच सुरू होत.

हत्यारांच्या पेटीतसुद्धा इतिहास दडलेला असे. अमेरिकन गाडीला इंचाचे पाने, जुन्या इंग्रजी गाडीला व्हिटवर्थ मापाचे, आणि कुर्ल्यात इटलीच्या फियाटची गाडी होऊ लागल्यावर मिलीमीटरचे. एका मापाचा पाना दुसऱ्या मापाच्या नटावर जवळपास बसतो आणि नेमका त्या ‘जवळपास’मुळे नटाचे कोपरे झिजतात. जुन्या गाडीचे नट पाहून ती कोणाच्या हातून गेली आहे, हे जाणकार ओळखत ते यावरूनच.

भाग मिळवायचे म्हणजे चोरबाजार किंवा कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड. या सीएसटीचा बोरीबंदरच्या स्टेशनाशी संबंध नाही. ते सेंट्रल साल्सेट ट्रामवेचे संक्षिप्त रूप. एका विस्मृतीत गेलेल्या रेल्वेमार्गाच्या नावाचा रस्ता पुढे मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भागांसाठी प्रसिद्ध व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. आणि भाग मिळालाच नाही तर? पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा पुष्कळ मोठ्या अमेरिकन गाड्यांतले मूळ इंजिन उतरवून त्यात पर्किन्ससारखे डिझेल इंजिन बसवले गेले. गाडी जगली, तिचे काळीज मात्र बदलले. आज अशा गाडीला पूर्वरूप द्यायचे म्हटले, तर संग्राहकाला ते मूळ इंजिन शोधत हिंडावे लागते.

साठच्या दशकात फियाट ११०० ही उपनगरांतली प्रतिष्ठेची गाडी झाली. १९७४पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे हे इंजिन म्हणजे दोन पिढ्यांची शाळा. गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर कुठून सुरुवात करायची, याचा एक ठरलेला क्रम त्या शाळेत शिकवला जाई. तो आजही खरा आहे.

आधी हेडलाइट लावा आणि स्टार्टर मारा. दिवा अगदीच मंदावला तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या जोडणीचा. स्टार्टर जोमाने फिरतो आहे आणि तरी इंजिन पेटत नाही, तर प्लग काढून, तो वायरीसकट इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहा. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट पाहा. ते पॉलिश पेपरने घासून त्यांच्यातली फट फिलर गेजने नीट करा. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळा: पंपाची नळी सोडली की पेट्रोल ठेक्यात यायला हवे. तेही येत असेल तर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा. ठिणगीची परीक्षा आणि उघडे पेट्रोल या दोन गोष्टी एका वेळी कधीही करायच्या नाहीत, हा या शाळेचा पहिला नियम. दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

काढलेला प्लगही बोलका असतो. टोक तपकिरी म्हणजे तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरट म्हणजे मिश्रणात हवा जास्त. तेलकट काळे म्हणजे इंजिनातल्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील थकले. तिथे घरगुती उपाय संपले, फिटरला गाठा.

मुंबईच्या हवेने यात आपली भर घातली. मे महिन्याच्या दुपारी, वाहतूक तुंबलेली असताना, इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. गाडी बंद पडते. मग पंपावर ओले फडके ठेवायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल शिरते, ठिणगी भलत्या वाटेने पळते. टोपण काढून कोरडे पुसले की काम झाले. खाऱ्या हवेने तळाचा पत्रा आतून कुजतो. म्हणून पायातले मॅट उचलून बघण्याची सवय लागली.

पण या घरगुती शास्त्राचे सगळेच गोडवे गाऊ नयेत. त्यात अडाणीपणाही भरपूर होता. ‘आपल्याकडे थंडी कुठे?’ असे म्हणत असंख्य गाड्यांचे थर्मोस्टॅट काढून फेकले गेले. थर्मोस्टॅटचे काम इंजिन ठरावीक तापमानाला आणण्याचे आणि तिथे राखण्याचे. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड चालते, पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार हा तर आगीला धाडलेला आवतणाचा विडाच. भागवून नेणे आणि दुरुस्त करणे यांतला फरक ज्यांना कळला, त्यांच्याच गाड्या टिकल्या.

१९८०च्या दशकात ऐषारामी गाड्यांची नवी लाट आली. १९८४मध्ये काँटेसा, १९८५मध्ये प्रीमियर ११८ एनई आणि त्याच वर्षी मद्रासची स्टँडर्ड २०००. या शेवटच्या गाडीचा देह ब्रिटनच्या रोव्हरचा, पण इंजिन जुन्या वळणाचे. ती काही वर्षांतच बंद झाली आणि ज्यांनी मोठी रक्कम मोजली होती ते मालक उघड्यावर पडले. उदारीकरणानंतर १९९५पासून पुण्याजवळ मर्सिडीझची ‘ई’ श्रेणीची गाडी तयार होऊ लागली. आता बॉनेटखाली कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल किती सोडायचे हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवू लागली. फिलर गेज आणि पॉलिश पेपर एका रात्रीत म्हातारे झाले.

आज त्या गाड्या तिशीच्या आसपास आहेत. किंमत इतकी उतरलेली की अंधेरी-बोरिवलीचा नोकरदारही अशी गाडी घेऊ शकतो. हत्ती स्वस्तात मिळतो. वैरण मात्र हत्तीचीच लागते. म्हणून घरच्या घरी काय करता येईल, हे माहीत असणे पुन्हा महत्त्वाचे ठरते. अशा वयाच्या गाडीत यंत्रापेक्षा आधी थकते ते रबर: नळ्या, बुश, इंजिनाचे माउंटिंग. हे डोळ्यांनी दिसते, बोटांनी दाबून कळते. त्या वर्षांतल्या मर्सिडीझच्या काही इंजिनांतल्या वायरींचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळते. गाडी विनाकारण धक्के देऊ लागली तर महागडा संगणक बदलण्याआधी ती वायर पाहावी. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. टायरवर चार आकडी संख्या असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी फार जुना टायर विश्वासाचा नाही. एअरबॅग आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगा यांना मात्र घरी हात लावू नये. त्यांत जीव घेण्याइतकी शक्ती कोंडलेली असते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

जुन्या आणि नव्या यंत्रातला फरक उपनगरांना सर्वांत कठोरपणे कळला तो २६ जुलै २००५ला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. कुर्ला, कलिना, अंधेरी, घाटकोपर भागांत गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती किल्ली फिरवण्याची, आणि तिथेच घात झाला. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिन फिरले की कनेक्टिंग रॉडच वाकतो. ज्याला हे ठाऊक होते त्याने किल्लीला हात न लावता बॅटरी सोडली, प्लग काढले, पाणी बाहेर काढले, तेल बदलले. साध्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अशा उपायांनी पुन्हा उभ्या राहू शकत होत्या. ज्यांच्या बैठकीखाली, पायाशी इलेक्ट्रॉनिक पेट्या होत्या, त्यांना इतक्यावर भागण्यासारखे नव्हते.

आता प्रश्न कायद्याचाही आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. मात्र त्या रोज रस्त्यावर आणायच्या नाहीत. मधल्या वयाची गाडी ना तरुण, ना वारसा. त्यातच २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल सर्वत्र आले. इथेनॉल ओल धरते आणि जुन्या प्रकारच्या रबराला सोसत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्या लागतात. टॅक्सींसाठी तर मुंबईत वीस वर्षांची मर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

धूर ओकणाऱ्या गाड्या गेल्याच पाहिजेत, याबद्दल वाद नाही. पण गाडीबरोबर तिचे ज्ञानही भंगारात जाते, याची दखल कोण घेणार? २०२२मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, कारण मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत वस्तू मालकाला उघडताच येऊ नयेत अशा होत चालल्या आहेत. उपनगरांतल्या मोटारमालकांनी आणि मिस्त्रींनी पन्नास वर्षे जे केले, ते याच हक्काचे आचरण होते. त्याला तेव्हा नाव नव्हते, इतकेच.

म्हणून एक छोटी विनंती. आपल्या घरी जुनी गाडी असेल, तर तिची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, तक्रार काय होती, काय तपासले आणि शेवटी दोष कशात निघाला, एवढेच लिहा. गाडी विकाल तेव्हा किल्लीबरोबर ती वहीही द्या. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर एखादे म्हातारे मिस्त्री अजून काम करत असतील, तर तासभर त्यांच्याशेजारी उभे राहा, विचारा, आणि ते सांगतील तेही त्या वहीत उतरवून घ्या.