उघड्यावरची चूल, १७९१

मंडळी, मी बंगळुरूतून बोलतोय. इथल्या मराठ्यांची गोष्ट सहसा शहाजीराजांपासून सुरू होते. आज आपण चुलीपाशी बसू.

मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून इथला किल्ला घेतला आणि तो श्रीरंगपट्टणावर गेला. तिथे पाऊस लागला, बैल मेले, धान्य संपलं. मे महिन्यात अवजड तोफा स्वतःच फोडून तो मागे वळला, तेव्हा मेलुकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज येऊन मिळाली. बरोबर अख्खा बाजार! धान्य, कापड, म्हणाल ते. भाव मात्र चढे. (दोस्ती वेगळी, दुकान वेगळं.) त्या धान्यावर इंग्रज फौज तगली आणि जुलैत बंगळुरूला पोचली.

छावणीतलं रोजचं जेवण कसं? मैदानात तीन दगड, गोवऱ्या, तवा, भाकरी, कांदा. पीठ येई लमाणांच्या बैलांवरच्या गोण्यांतून, आणि लुटीतूनही. मला इथे थांबावंसं वाटतं. त्याच वर्षी भाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाला रोख रक्कम आणि धान्य देण्याचा हुकूम काढला तो टिपूने.