चुकलेल्या नाण्याची किंमत

शिवराई हातात घेतली की पहिली गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे तिच्यावरचं लिखाण क्वचितच पूर्ण असतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' असायला हवं. प्रत्यक्षात कुठे 'श्री' अर्धाच, कुठे 'पति' काठाबाहेर गेलेला. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान आणि हातोडा माणसाच्या हातात, मग दुसरं काय होणार? १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे नाणं पुढे दोनेकशे वर्षं बाजारात फिरलं. वाकडा छाप ही तेव्हा चूक नव्हतीच, तो नेहमीचाच मामला होता. आजही संग्राहक जास्त पैसे मोजतो ते सगळी अक्षरं नीट उमटलेल्या शिवराईला.

खिशातल्या रुपयाचं मात्र बरोबर उलटं! छाप जरा सरकलेला दिसला की लगेच प्रश्न येतो, "याला जास्त किंमत येईल का हो?"

मधे काय घडलं? यंत्र आलं. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे मॅथ्यू बोल्टनने वाफेवर नाणी पाडायला सुरुवात केली. १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे तिथूनच पाडून आले. पुढे १८३० च्या सुमारास मुंबईच्या किल्ल्यातच वाफेच्या यंत्रांची टांकसाळ उभी राहिली. लाखो नाणी एकसारखी निघू लागली आणि मग कुठे वेगळं निघालेलं नाणं डोळ्यांत भरू लागलं. सगळं अचूक असेल तरच चुकीला भाव येतो, गंमत आहे ती ही.

पण प्रत्येक चुकीला भाव येतो का? नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक सेंटचा एक ठसा तयार करताना पोलादावर मूळ आकृती दोनदा दाबली गेली, आणि दुसऱ्या वेळी ती किंचित फिरलेली होती. त्यामुळे साल आणि अक्षरं ठशातच दुहेरी झाली. चूक लक्षात येईपर्यंत ती नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. सगळा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ द्या, असं ठरलं. अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी बाहेर पडली असं मानतात. आज चांगल्या स्थितीतल्या एका नाण्याला हजार डॉलरच्या वर किंमत येते.

त्याच वर्षीच्या आणखी काही सेंटवर सालातला शेवटचा ५ दुहेरी दिसतो. अमेरिकन संग्राहक त्याला थट्टेने 'गरिबाचं दुहेरी नाणं' म्हणतात. तिथे ठसा नुसता वापरून झिजला होता. झिजलेले ठसे प्रत्येक टांकसाळीत असतात, म्हणून या नाण्याला किरकोळच दाम.

आपल्या चिल्लरलाही हाच नियम लावावा. पुसट छाप, ठशाच्या तड्याने उठलेली बारीक रेघ, केसभर सरकलेला काठ याला सहसा दर्शनी किंमतच. छाप चांगलाच बाजूला गेलेला असेल, निम्मं नाणं कोरं असेल, तर संग्राहक विचारतील. आणि सालाखालचा छोटा चौकट, तारा किंवा ठिपका म्हणजे दोष नव्हे बरं का! चौकट मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. कोलकात्याच्या नाण्यावर काहीच खूण नसते.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे 'तुमच्या नाण्याला लाखो रुपये' म्हणणारे लोक. आधी थोडे पैसे भरा म्हणतात आणि साधी माणसं भरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने सावध केलं होतं, की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावावर शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. खरा घेणारा नाणं बघतो आणि पैसे देतो, आधी मागत नाही.

असो. वेगळं नाणं सापडलंच तर जरूर जपून ठेवा. फक्त चिंच लावून घासू नका. असलेली किंमतही त्याने जाते.