परभृत आणि परभृत्

संस्कृतात कोकिळेला ‘परभृत’ म्हणतात. ‘भृ’ म्हणजे पोसणे. भरणपोषण, भर्ता, भृत्य हे सारे त्याच धातूचे. परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. शेवटच्या ‘त’चा पाय मोडला की होतो ‘परभृत्’, दुसऱ्याला पोसणारा, म्हणजे कावळा! पोशिंदा आणि परजीवी यांच्यात एवढेच अंतर ठेवणाऱ्या त्या निरीक्षकांना माझा दंडवत. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात शकुंतलेला लबाड ठरवताना दुष्यंत कोकिळेचे हेच उदाहरण तिच्या तोंडावर फेकतो. पक्ष्याचे वर्तन अचूक, आरोप मात्र धादांत अन्यायाचा.

आपल्याकडे कावळ्यांची घरटी भरली की कोकिळेचाही हंगाम सुरू होतो. काळा नर कावळ्यांना अंगावर ओढून घेतो, तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी घरट्यात शिरून अंडे घालते. तिचे अंडे कावळ्याच्याच हिरवट-निळसर, तपकिरी शिंतोड्यांच्या वळणाचे, फक्त लहान. ते आधी फुटते, आणि घास मागण्यात पाहुणे पिल्लू आघाडी घेते. मात्र ते कावळ्याच्या पिल्लांना सहसा बाहेर ढकलत नाही. कधीकधी दोन्ही पिल्ले एकाच घरट्यात वाढतात.

अंड्याबाबत गाफील राहणारा कावळा मोठ्या कोकिळेच्या मात्र हात धुऊन मागे लागतो.