रे रोड ते कृष्णगिरी : नागरी राष्ट्रीय उद्यानाची सहल आणि चाकांवरील मुक्काम – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महानगराच्या हद्दीत राष्ट्रीय उद्यान असणे ही जगात क्वचित आढळणारी बाब आहे. मुंबई व ठाणे या शहरांच्या मधोमध सुमारे १०४ चौ.कि.मी. क्षेत्रावर पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे तिचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि स्वच्छतागृह असलेल्या मोटारीतून प्रवास व तिच्यातच मुक्काम, ही या पर्यटनाची मूळ कल्पना आहे. अशा वाहनातून मुंबईच्या या अरण्याची सहल आखावयाची झाल्यास कोणत्या बाबींचा विचार करावा लागेल, हा प्रश्न वरवर पाहता केवळ प्रवासाच्या सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे दीर्घ इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात हा इतिहास रे रोड या ठिकाणाहून पाहिला आहे. मुंबई बंदराच्या पिछाडीस असलेल्या या कामगारवस्तीचा बोरिवलीच्या अरण्याशी संबंध दूरचा भासतो. परंतु पाणी आणि रेल्वे या दोन दुव्यांनी तो दीर्घकाळ जोडलेला आहे. अरण्यातील मुक्कामाचा प्रश्न हा प्रत्येक काळात प्रथम पाण्याचा प्रश्न होता, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

१. अरण्यातील मुक्कामाची जुनी व्यवस्था

उद्यानातील कान्हेरीची लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंत कोरली गेली. येथील लेण्यांची संख्या शंभरापेक्षा अधिक आहे. भिक्षूंच्या वर्षावासासाठी निर्माण झालेल्या या विहारांतील सर्वांत विलक्षण बाब म्हणजे तेथील जलव्यवस्था. जवळजवळ प्रत्येक विहाराजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहे. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याण, सोपारा, नाशिक अशा ठिकाणच्या दात्यांनी लेण्यांना व पोढ्यांना दाने दिल्याचे लेखांवरून दिसून येते. उतारावरून येणारे पावसाचे पाणी लहान चरांतून या टाक्यांत उतरत असे. याचाच अर्थ असा की, अरण्यात राहावयाचे तर पाण्याची तजवीज आपली आपण करावी, अरण्यावर तिचा भार टाकू नये, ही दृष्टी त्या बांधणीत आहे.

कान्हेरी पाहावयास आलेल्या प्रवाशांची लेखी नोंदही येथेच सापडते. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख असून ते इ.स. १००९ व १०२१ या वर्षांचे आहेत. तेथे आलेल्या पारशी मंडळींनी त्यांत आपली नावे कोरून ठेवली. समूहाने कान्हेरीला जाण्याची प्रथा किमान एक हजार वर्षांची आहे, असे यावरून म्हणता येते.

ब्रिटिश काळात मुक्कामाचे स्वरूप पालटले. बिशप हेबर यांनी १८२५ साली कान्हेरीला भेट दिली. त्या काळातील साहेबांचा दौरा म्हणजे तंबू, राहुट्या, सामानाचे छकडे, पालख्या आणि नोकरचाकर यांचा ताफाच असे. निवासासह फिरण्याची ही पद्धत आजच्या कॅराव्हॅनची पूर्वज मानावी लागेल. फरक इतकाच की, त्या वेळी पाणी भरण्याचे व घाण उचलण्याचे काम माणसे करीत, आज ते टाक्या करतात.

२. आधी पाणी, मग माणसे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावर पाण्याची तीव्र टंचाई होती. विहिरी आणि तलाव वाढत्या लोकसंख्येला अपुरे पडत होते. यावर उपाय म्हणून हेन्री कॉनीबेअर यांच्या योजनेनुसार १८५६ साली विहार तलावाचे काम सुरू झाले व १८६० मध्ये ते पूर्ण झाले. त्यानंतर १८७९ साली तुळशी तलाव तयार झाला. आज हे दोन्ही तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतात. विहारचे पाणी माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील जलाशयात आणण्यात आले. या जलाशयावरच पुढे जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान विकसित झाले. रे रोड स्थानकापासून ही टेकडी फार दूर नाही.

लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावावरून रे रोड हे नाव आले. १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या काळात या पट्ट्याचा विस्तार झाला. दारूखाना, लकडा बंदर, कौला बंदर ही येथील स्थलनामे माल साठविण्याच्या व उतरविण्याच्या व्यवसायांची साक्ष देतात. लाकूड, कोळसा, लोखंड आणि पुढे जहाजतोडणी यांवर येथील श्रमिकांचे जीवन उभे राहिले.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. भंडारवाड्याच्या टेकडीवर अरण्यातील पाणी एकोणिसाव्या शतकातच पोहोचले; मात्र तिच्या जवळच, बंदराच्या जमिनीवर वसलेल्या कौला बंदरच्या रहिवाशांना २०१० च्या दशकातही अधिकृत नळजोडणीअभावी पाणी विकत घ्यावे लागत होते. सारांश, अरण्याचे पाणी शहरात येते, पण ते कोणाच्या घरात पोहोचते हे जमिनीवरील हक्काने ठरते.

३. रेल्वे, रविवार आणि सहल

१२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल धावली आणि बोरिवली मुंबईच्या आवाक्यात आली. पूर्व किनाऱ्यावर मात्र कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्ग १९१० साली खुला झाला. रे रोड हे त्या वेळी त्याचे टोक होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली आणि रे रोड शहराच्या केंद्राशी थेट जोडले गेले.

केवळ गाडी असून सहल होत नाही. त्यासाठी मोकळा दिवस लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. गोदी कामगारांची स्थिती अधिक बिकट होती. त्यांना रोजंदारीवर घेतले जाई आणि काम नसेल त्या दिवशी मजुरी नसे. १९४८ च्या गोदी कामगार रोजगार नियमन कायद्याने तसेच पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांच्या संघटनकार्याने या अनिश्चिततेस काही प्रमाणात आळा बसला.

कामगारवस्तीतील सहल ही या मर्यादांतच आखली गेली. वर्गणी, घरून नेलेले डबे, पहाटेची गाडी आणि अंधार पडण्यापूर्वी परतणे, हे तिचे स्वरूप होय. रे रोडहून वडाळा रोडमार्गे अंधेरी आणि २०१८ पासून गोरेगावपर्यंत हार्बर गाडीने जाता येते. तेथून पश्चिम रेल्वेने बोरिवली गाठावी लागते. उद्यानाच्या दारापासून कान्हेरी सुमारे सहा किलोमीटर आत आहे. महाशिवरात्रीस तेथे होणाऱ्या गर्दीसाठी बेस्ट जादा बसगाड्या सोडत आली आहे. या सहलीत मुक्काम नसतो. म्हणूनच तिचा अरण्यावरील भार मर्यादित राहतो, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

४. उद्यान, कायदा आणि घर

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याने १९५० साली राष्ट्रीय उद्यानांविषयीचा कायदा केला. बोरिवलीचे उद्यान आधी कृष्णगिरी, नंतर बोरिवली आणि पुढे संजय गांधी या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात प्रवेश वा निवास करण्यासाठी परवानगी आवश्यक ठरते.

निवासाचा प्रश्न येथे सर्वाधिक तीव्रतेने १९९७ साली पुढे आला. पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असणाऱ्यांना ७,००० रुपये भरून पुनर्वसनास पात्र ठरविण्यात आले. पुढे चांदिवली येथे पुनर्वसन झाले. ज्यांच्याकडे पुरावा नव्हता, त्यांची घरे गेली. वारली व इतर आदिवासींच्या पाड्यांचा प्रश्न याहून वेगळा होता, कारण त्यांचे वास्तव्य उद्यानाहून जुने होते.

वन्यजीवांच्या दृष्टीने या निर्णयामागील हेतू समजण्यासारखा आहे. बिबट्यांचा वावर असलेल्या या अरण्यात २००२ ते २००४ या काळात माणसांवरील हल्ल्यांनी गंभीर रूप घेतले होते. तरीही ज्या अरण्यातून चाके नसलेली घरे हटविली गेली, तेथे चाके असलेल्या घराचा विचार करताना समान निकष लावणे न्यायाचे ठरते.

५. कॅराव्हॅन सहलीचे नियोजन

जगातील अनुभव येथे उपयुक्त आहे. अमेरिकेतील यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झाले. तेथे मोटारींना प्रवेश १९१५ साली मिळाला. त्यानंतर तेथील उद्यानांत रस्ते, वाहनतळ आणि मुक्कामाची मैदाने यांचा विस्तार होत गेला. तथापि हजारो चौरस किलोमीटरच्या उद्यानाचे मोजमाप १०४ चौ.कि.मी.च्या अरण्यास लागू पडत नाही. स्टॉकहोम येथे १९९५ साली आणि कॅनडातील टोरांटोजवळ रूज येथे २०१५ साली नागरी राष्ट्रीय उद्यानास स्वतंत्र कायदेशीर स्थान देण्यात आले. शहरालगतच्या उद्यानाचे नियम वेगळे असावेत, हे त्यामागील तत्त्व आहे.

रे रोडहून अशी सहल आखावयाची झाल्यास तीन बाबी निश्चित कराव्या लागतात. पहिली, वाहन रात्री कोठे उभे राहील. उद्यानाचे दार पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. त्यामुळे मुक्काम उद्यानाच्या हद्दीबाहेरील अधिकृत वाहनतळावर ठेवून दिवसा पायी वा उद्यानाच्या वाहनाने आत जाणे शक्य आहे. दुसरी, दिवसाची निवड. सोमवारी उद्यान बंद असते, तर रविवारी कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबांची गर्दी असते.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. वाहनातील टाकी कोठे भरली जाईल आणि सांडपाणी कोठे रिकामे होईल? तुळशी व विहार हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत. दहिसर नदी तुळशीच्या परिसरातून निघते. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी आकार घेते. अरण्यात सोडलेले दूषित पाणी याच वाटांनी शहरात परत येणार, हे उघड आहे. सांडपाणी रिकामे करण्याची निश्चित जागा नसेल तर नियोजन अपूर्ण समजावे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. कान्हेरीच्या भिक्षूंनी पोढ्या खोदून, ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नोकरचाकरांच्या श्रमावर आणि कामगारांनी मुक्काम टाळून अरण्यातील पाण्याचा प्रश्न आपापल्या परीने सोडविला. कॅराव्हॅनधारकासही त्याचे उत्तर द्यावे लागेल. १९९७ नंतर ज्या निकषाने गरिबांचे निवास हटविले गेले, तोच निकष सधन पर्यटकाच्या फिरत्या निवासास लागू झाला पाहिजे. त्याचबरोबर रे रोडसारख्या वस्तीतून दोन गाड्या बदलून, डबा घेऊन येणाऱ्या कुटुंबाची एक दिवसाची सहल हीच या उद्यानाच्या नियोजनाचा पाया मानली जावी. शहराला पाणी देणारे हे अरण्य टिकवावयाचे असेल, तर त्यावर सर्वांत कमी भार टाकणाऱ्या प्रवाशाला अग्रक्रम देणे हाच इतिहासाने दाखविलेला मार्ग होय.