मोठ्या पडद्याची पूर्वपीठिका

संगणकाच्या मोठ्या पडद्याचा इतिहास खेळापासून नव्हे, तर कागदापासून सुरू होतो. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 1973 साली तयार झालेल्या ‘आल्टो’ या संगणकाचा पडदा उभा होता, कारण छापावयाचे पान जसेच्या तसे दिसावे हा त्यामागील हेतू होता; त्यावर रुंदीत 606 आणि उंचीत 808 पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे सूक्ष्म ठिपके, मावत. पुढे काचेच्या नळीचे पडदे रुंदावले तसे त्यांचे वजनही वाढत गेले, आणि सोनीचा 24 इंची ‘एफडब्ल्यू 900’ तर सुमारे 42 किलोंचा होता, तरी त्याच्या चाहत्यांनी हे ओझे फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. 2001 साली आयबीएमने ‘टी 221’ या 22.2 इंची सपाट पडद्यावर 3840 गुणिले 2400 पिक्सेल बसवले. परंतु रिफ्रेश रेट, म्हणजे एका सेकंदात चित्र जितक्या वेळा नव्याने रेखाटले जाते ती संख्या, आरंभी 41च्या आसपासच असल्याने, बारीक तपशील न्याहाळणाऱ्यांना हा पडदा उपकारक ठरला तरी, वेगवान खेळांसाठी कुचकामीच राहिला. ॲपलच्या 2004 सालच्या 30 इंची पडद्यासाठी तर खास ग्राफिक्स कार्डही घ्यावे लागे.